रसवंतीवाल्या मामांना, गच्चीवरून

मामा,
सप्रेम नमस्कार.

असं चारचौघांत पत्र लिहिलेलं तुम्हाला आवडेल की नाही, ठाऊक नाही. पण समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही "असू द्या ओ ताई, फेकायचंच होतं ते" म्हणता आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा ग्लास भरायला वळता. म्हणून लिहूनच सांगते. आमच्या गच्चीवरची भाजी बघायला आता बरेच जण येतात, वांगी-टोमॅटोचे फोटो काढतात, बी कुठून आणलं विचारतात. ही बाग कशावर उभी आहे, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं.

ती तुमच्या चिपाडांवर, रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्यावर, उभी आहे.

गच्चीत भाजी लावायची म्हटलं की ऊन-पाण्याच्या आधी प्रश्न येतो वजनाचा. जिथे माणसांचा वावर असतो अशा गच्चीचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला १५० किलोंच्या आसपास भार धरून केलेला असतो. त्यावर फूटभर जाडीचा मातीचा थर दिला आणि तो पावसात भिजला, तर तेवढ्याच जागेत जवळजवळ ५०० किलो होतात. आमच्या सोसायटीच्या बैठकीत हे आकडे मांडले गेले तेव्हा सगळे गप्प झाले होते. काळजी रास्तच होती. त्याच संध्याकाळी तुमच्याकडे रस पिताना मी हे बोलले आणि तुम्ही यंत्रामागच्या ढिगाकडे बोट दाखवलंत. "माती कशाला? हे न्या. मूठभर माती विरजणाला लावा, बास."

उसाचं चिपाड कुंडीत वापरायची कल्पना जुनी आहे, हे मला नंतर समजलं. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी शहरातल्या गच्च्यांवर शेती करून दाखवली ती चिपाडाच्याच आधाराने. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यातून अख्खी बाग उभी केली. त्यांच्याविषयी वाचून हुरूप आला. पण चिपाड ओलं असताना भरलं तर मुंग्यांची रांग लागते, ते दोन-तीन कडक उन्हं खाऊ घालून मगच वापरायचं, त्यातल्या लिंबाच्या साली वेचून बाजूला काढायच्या, कारण आंबट सालींत गांडूळ रमत नाही, हे सगळं तुमच्याकडून कळलं. आणि हे नुसतं सांगून तुम्ही थांबला नाहीत. भर एप्रिलच्या गर्दीत, हातात उसाच्या कांड्या आणि समोर ताटकळलेली माणसं असताना, तुम्ही चिपाडं मागच्या पत्र्यावर वाळत घालत होतात. मी जायची तेव्हा पोतं भरून, तोंड सुतळीने बांधून ठेवलेलं असायचं.

चिपाड एकटं कुजत नाही, त्याला शेण दाखवावं लागतं, हे तुमचं वाक्य मी प्रत्येकाला ऐकवते. त्यामागचं कारणही आता नीट कळतं. चिपाडात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) अगदी थोडं. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतंच, शेणातून किंवा हिरव्या कचऱ्यातून मिळालं नाही तर ते रोपाच्या वाट्याचं ओढून घेतात आणि पानं पिवळी पडत जातात. म्हणून क्रेटमध्ये तळाला चिपाड, वर भाजीची देठं-सालं, वर शेणकाला, मग सुका पाला, पुन्हा चिपाड, आणि सगळ्यात वर दोन बोटं मातीमिश्रित खत. काठोकाठ भरलेला क्रेट महिन्याभरात निम्म्यावर येतो. तेव्हा पुन्हा भरायचा. तुमच्या रसवंतीचा हंगाम होळीच्या सुमारास भरात येतो आणि मृगाच्या पावसाला ओसरतो. तेवढ्या काळात क्रेट दोनदा-तीनदा भरून, बसून, तयार होतात. पाऊस पडतो तेव्हा बी टाकायला जागा वाट बघत असते. हे वेळापत्रक मी बसवलेलं नाही, तुमच्या धंद्याने ते आपोआप बसवून दिलं.

जीवामृताचंही, म्हणजे शेण-गोमूत्र-गुळाच्या त्या पातळ खताचंही, तसंच. नैसर्गिक शेतीचा प्रसार करणाऱ्या सुभाष पाळेकरांची कृती एकराच्या हिशेबाची आहे: २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर जिवंत माती. तुम्ही ग्लास विसळता विसळता तोंडी हिशेब करून ती माझ्या बादलीत बसवलीत: १० लिटर पाण्याला अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन, चिमूटभर माती. सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं, आणि कुंडीत घालताना दसपट पाणी मिसळायचं. गुळाऐवजी उसाचा रसही चालतो असं म्हणून रात्री दुकान बंद करताना तळाशी उरलेला रस तुम्ही बाटलीत भरून दिलात. शेण कोणत्या गोठ्यातून आणायचं, तेही तुम्हीच सांगितलंत.

पुण्यात कितीतरी रसवंत्यांच्या पाटीवर कानिफनाथांचं नाव दिसतं. बोपगावच्या डोंगरावरचं त्यांचं देऊळ आणि पुरंदर तालुक्यातून रसवंती चालवायला शहरात येणारी माणसं यांचं नातं तुम्ही सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं. आम्ही घुंगरांचा आवाज ऐकतो, बर्फ कमी घाला म्हणतो, पैसे देतो आणि निघतो. यंत्र फिरवणारा माणूस पावसाळ्यात गावी जाऊन वाटाणा, घेवडा पिकवतो, त्याला पिकातलं एवढं कळतं, हे विचारल्याशिवाय कळत नाही. मला ते कळलं हे माझं मोठं भाग्य.

दोडक्याच्या वेळी तर मी तुम्हाला गावी फोन करून त्रास दिला. वेल मांडवभर पसरला होता, फुलं भरपूर, पण लहान दोडके पिवळे पडून गळत होते. तुम्ही खत विचारलं नाही, पाणी विचारलं नाही. विचारलंत, "गच्ची कितव्या मजल्यावर? मधमाशी येते का तिथं?" मग सगळं समजावलंत. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं, लाल भोपळ्याचं पहाटे. इतक्या उंचावर त्या वेळी माशी फिरकली नाही तर फळ धरत नाही. ज्या फुलामागे बारीकसं फळ दिसतं ते मादी, नुसत्या देठावरचं ते नर. नराचं फूल खुडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळा भाग मादीच्या फुलात हलकेच टेकवायचा. तेव्हापासून दिवेलागणीला आमच्या मजल्यावरची मुलं हे काम करतात. कोणतं फूल कोणाचं यावर त्यांच्यात भांडणं होतात. भाजीच्या नावाने नाक मुरडणारी ही मुलं दोडक्याची भाजी आता मागून घेतात, कारण तो दोडका त्यांचा असतो.

मावा, भुरी, नागअळी अशा कीड-रोगांवरचे तुमचे उपाय, चुलीतली राख, आंबट ताक, निंबोळी अर्क, सगळे वहीत उतरवून ठेवले आहेत आणि ती वही इमारतीत फिरते आहे.

पण सगळ्यात जास्त आभार भाद्रपदातल्या एका दिवसाबद्दल मानायचे आहेत. माझ्या सासूबाई ऋषिपंचमी कडक पाळतात. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, नांगर न लागता परसात पिकलेलं तेवढंच चालतं. शहरात आल्यापासून त्यांची ही पंचाईत होती. मंडईत ऋषीच्या भाजीचे वाटे मिळतात, त्या आणायच्या आणि करायच्याही, पण ते कुठे, कसं पिकलं ते माहीत नाही म्हणून मनात रुखरुख राहायची. गेल्या भाद्रपदात अळू, लाल माठ, अंबाडी, पडवळ, दोडका, भेंडी, सगळं गच्चीवरून उतरलं. सुरण आणि कणसं नव्हती, ती त्यांनी सरळ वगळली. तेल-फोडणीशिवाय शिजवलेली ती भाजी त्या किती समाधानाने जेवल्या, ते मला शब्दांत सांगता येत नाही. शेवटचा घास झाल्यावर त्यांनी विचारलं, "तो रसवाला कुठला म्हणालीस?" भाजीचा फोटो तुम्हाला पाठवला तर तुमचं उत्तर आलं: अंबाडीची दोन झाडं तोडू नका, बियाला ठेवा.

ठेवली आहेत. आणि तुमच्या आईंनी राखेत घोळून जपलेलं वालाचं बीसुद्धा. ते पुडीत बांधून देताना तुम्ही बजावलं होतंत की आधी नुसता पाला वाढेल, घाबरायचं नाही, दिवस लहान होऊन थंडीची चाहूल लागेपर्यंत गावठी वाल फुलत नाही. आमच्या शेजारणी तो उपटायला निघाल्या होत्या. दिवाळीनंतर जांभळ्या फुलांचे तुरे आले आणि संक्रांतीच्या भोगीच्या भाजीला शेंगा घरच्या होत्या. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणी जपल्याबद्दल २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांचं कौतुक सगळ्यांनी वाचलं. तुमच्या आईंसारख्या, मडक्यात आणि राखेत बी सांभाळणाऱ्या बायकांपर्यंत आमचे आभार कधी पोचत नाहीत. माझे तेवढे त्यांना पोचवा. त्यांच्यासाठी या वर्षीच्या वालाचं बी मी वेगळं काढलं आहे, ते गावी जाताना न्या.

आणखी एक काम आहे. शेजारच्या दोन इमारतींना गच्चीवर क्रेट भरायचे आहेत. चिपाडं कुठे मिळतील म्हणून त्यांनी मला विचारलं, मी तुमच्याकडे पाठवते आहे. माझ्याकडून तुम्ही कधी एक रुपया घेतला नाहीत, माझं काही चाललं नाही. पण त्यांना मी आधीच सांगितलं आहे की वाळवून, निवडून, पोत्यात भरून मिळणाऱ्या चिपाडाचे पैसे द्यायचे. पोत्याचा भाव तुम्ही ठरवा आणि तो मोकळेपणाने सांगा, संकोच करू नका. रविवारी सकाळी ते येतील, तेव्हा मीही सोबत असेन.

तुमची,
गच्चीवाली ताई