तासाभराच्या विमानात जेवण हवंच कशाला?

संपादक महोदय,
कोरोनात, १५ एप्रिल २०२१ पासून, दोन तासांपेक्षा कमी वेळाच्या देशांतर्गत फ्लाइटमध्ये जेवण द्यायला सरकारने बंदी घातली होती, नोव्हेंबरात ती उठवली, पण खरं सांगायचं तर मधल्या काळात मुंबई-नागपूर करताना कुणाचा भूकबळी गेल्याचं काही ऐकलं नाही बुवा! मुंबई-गोवा तर जेमतेम तासाभराचं, त्यातून चढणं-उतरणं वजा केलं की ट्रॉली फिरवायला वेळ उरतो कुठे, शेवटच्या रांगेत चहा पोचेपर्यंत ट्रे टेबल बंद करा म्हणून अनाउन्समेंट होते आणि तो गरम चहा घाईघाईत घशात ओतावा लागतो. खाणं विकत मिळतं याची तक्रार नाही, एअर डेक्कनने २००३ मध्ये स्वस्त तिकिटं आणली तेव्हापासून हे चालूच आहे. पण छोट्या फ्लाइटला पाणी आणि वेळेत चहा-कॉफी एवढंच ठेवा ना, केबिन क्रूचीही धावपळ वाचेल. ज्यांना भूक लागते त्यांनी दशम्या, धपाटे, ठेपले काय हवं ते घरून न्यावं, सिक्युरिटीत सुक्या खाण्याला कोणी अडवत नाही. फक्त लोणच्याची बाटली हँडबॅगेत ठेवू नका, ती काढून घेऊ शकतात.

- एक वाचक, नागपूर