इंजिन आधीच कोमट होतं

प्रिय सुध्या,

तब्येत ठीक, रक्तदाब गोळीवर आहे. मुद्द्याचं सांगतो. मी आणि सेकंड, म्हणजे आपला जहाजावरचा सेकंड इंजिनिअर, मिळून जुनी बोट घ्यायची म्हणतोय, दोन बघून ठेवल्यात. काल ती मोठी बोट बघायला गेलो, इंजिनरूममध्ये उतरलो आणि स्टारबोर्डच्या, म्हणजे उजव्या इंजिनच्या ब्लॉकवर हात ठेवला. कोमट! सकाळपासून कुणी चावी फिरवलेली नाही, असं दलाल जिन्यातच सांगून मोकळा झाला होता. मी सेकंडकडे पाहिलं, तर तो वर सोफ्यावर बसून खिडक्यांचं कौतुक करत होता. हे घरी कुणाला सांगू? ‘कोमट तर होतं ना, मग काय बिघडलं?’ असंच ऐकून घ्यावं लागेल.

तुला सांगायला नकोच. डिझेलची खरी परीक्षा पहिल्या स्टार्टला. सुरू व्हायला स्टार्टरने किती वेळ फिरवावं लागतं, पांढरा धूर किती वेळात विरतो, गरम झाल्यावर निळा मागे राहतो का, हे सगळं त्या दोनचार मिनिटांत कळतं. तेवढीच मिनिटं त्यांनी आमच्यापासून लपवली.

बोट देखणी आहे, नाही म्हणत नाही. दोन कॅटरपिलर ३२०८ इंजिनं, टर्बो आणि त्याची गरम हवा थंड करणाऱ्या आफ्टरकूलरवाली, प्रत्येकी ४३५ हॉर्सपॉवर. तासांचं मीटर इतकं कमी दाखवतं की सेकंड हरखून गेलाय. मला त्या कमी तासांचीच धास्ती वाटते. इतकी वर्षं बोट धक्क्याला बांधून, म्हणजे खारी हवा, एक्झॉस्टमधली ओल, सिलिंडरच्या भिंतींवर गंज. आफ्टरकूलर कधी उघडला, विचारलं तर दलालाला तो कुठे असतो हेच ठाऊक नाही. त्यातून समुद्राचं पाणी फिरतं. आतून गळायला लागला की मीठ थेट इनटेकमध्ये. शिवाय ३२०८ ला वेगळे लायनर, म्हणजे सिलिंडरमधल्या बदलता येणाऱ्या नळ्या, नाहीत, बोअर थेट ब्लॉकमध्येच कोरलेलं. एक सिलिंडर ओरखडला तर आपण जहाजावर करायचो तसं लायनर काढून नवं बसवणं नाही, अख्खं इंजिन बाहेर. आणि ते बाहेर काढायला डेक कापावा लागेल की काय, हेही मी मोजून आलोय.

दुसरी बोट साधी, चपटी, जरा म्हातारी. तिच्यात दोन फोर्ड लेहमन १२०. टर्बो नाही, काही नाही. ३८० घनइंच, म्हणजे सव्वासहा लिटर, आणि त्यातून फक्त १२० हॉर्सपॉवर, लिटरला एकोणीस. तिकडे ३२०८ मध्ये १०.४ लिटरमधून ४३५, लिटरला बेचाळीस. हा हिशेब मी सेकंडला कागदावर मांडून दाखवला. तो म्हणाला, ‘पण वेग?’ बस, तिथेच अडलाय. लेहमनवालीची वॉटरलाइन, म्हणजे पाण्याच्या रेषेवरची लांबी, ३६ फूट, म्हणजे आठ नॉट्सच्या पुढे ती पाणी ढकलतच राहणार. पण सात नॉट्सला दोन्ही इंजिनं मिळून ऐंशी हॉर्सपॉवर लागली, असं धरलं तरी तासाला सोळा लिटरमध्ये भागतं. ती दुसरी दोनतृतीयांश भाराने पळवली तर शंभरच्या वर जातील. तुझ्या मित्राला अर्धा खर्च भरायचाय, हे त्याला तूच सांग. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकायचा, निदान तू चिडल्यावर तरी.

लेहमनचे तास भरपूर झालेत, हे खरं. पण मालकाने वही ठेवलीय, इंजेक्शन पंपाचं तेल दर ५० तासांनी बदलल्याच्या नोंदीसकट. (ते पंपाचं वेगळं तेल असतं हेच अर्ध्या लोकांना माहीत नसतं.) तुझंमाझं जनरेटरच्या ओव्हरहॉलवरून जे भांडण झालं होतं ते आठवतं का? तू म्हणत होतास मीटरवर विश्वास ठेव, मी म्हणत होतो आधी लॉगबुक दाखव. चीफ इंजिनिअर शेवटी दोघांनाही बिल्ज, जहाजाच्या तळाची घाण, साफ करायला पाठवून मोकळे झाले. मी अजूनही लॉगबुकच्याच बाजूचा.

तेलाचे नमुने दोन्हीकडून घेतलेत. ३२०८ चं तेल काडीवर मधासारखं स्वच्छ, म्हणजे नुकतंच बदललेलं. त्यात झिजेचं लोखंड किंवा खाऱ्या पाण्याचं सोडियम दिसलं नाही तरी मी काय समजायचं? आणि फुल थ्रॉटलला पोर्टचं, म्हणजे डावं इंजिन २६०० आरपीएमवर अडकलं, जायला हवं २८०० च्या वर. मागे काळा धूर. दलाल म्हणे, तळाला शेवाळ आहे. असेलही. पण प्रॉपेलरचा पिच, म्हणजे पात्यांचा तिरकेपणा, जास्त असला तर ते इंजिन आजवर कायम जास्त भाराखालीच चाललंय, आणि तळ घासून ते भरून निघणार नाही.

बाकी, पिंकीच्या निकालाचं कळलं, तिला शाब्बास सांग. आईंचा मोतीबिंदू झाला ना? वहिनींना नमस्कार.

आता काम. येत्या रविवारी लेहमनवालीची ट्रायल आहे. मालकाला सांगून ठेवलंय, आम्ही येईपर्यंत स्टार्ट करू नका. तू ये. तुझी ती तापमान मोजायची बंदूक आण. दोन्ही एक्झॉस्ट एल्बो आणि हीट एक्सचेंजर फुल थ्रॉटलला मोजायचेत. आणि आदल्या रात्री सेकंडला फोन कर. वेगावर बोलू नकोस, थेट लायनरवर ये. शनिवारी निघतोस की नाही, ते आजच कळव.

तुझा,
विन्या