मोत माउलीच्या चढावरच्या मावशींना

मावशी,

त्या दिवशी तासभर तुमच्यापुढे बसलो आणि तुमचं नावच विचारलं नाही. म्हणून हे असं उघड्यावर लिहितोय. बांद्र्याला मोत माउलीच्या चढावर मेणबत्त्या आणि मेणाचे हात, पाय, घरं विकणाऱ्यांची रांग आहे, तिच्या अगदी टोकाला तुम्ही बसता. तुम्हाला ओळखणाऱ्या कुणाच्या हे नजरेस पडलं तर कृपया वाचून दाखवा.

आठवण करून देतो. गोराईहून आलेला, रुमालात ख्रिस्ती लोक गळ्यात घालतात तसली तीन मेडलं बांधून आणलेला माणूस, तो मी. जुलैत आवणी करताना आईच्या कानातली कुडी चिखलात पडली. भात कापून झाल्यावर भाच्याने ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवला आणि चार रविवार आम्ही आमच्या पाऊण एकरात ते यंत्र फिरवलं. मिळालं काय, तर गुटख्याच्या पुड्यांची चांदी, बाटल्यांची बुचं, एक गंजलेला कोयता आणि ही तीन मेडलं. कुडी नाहीच.

आमचं घर आगरी. शेत आजोबांनी कुळ म्हणून कसलं, मूळ मालक गावातलं ख्रिस्ती घराणं, एवढंच आम्हाला ऐकून माहीत. त्यामुळे एका मेडलवर १८३० हे साल दिसल्यावर भाचा उडालाच. दुसऱ्यावर कडेने नुसती अक्षरं, व्ही, आर, एस, एन, एस, एम अशी. ही पोर्तुगीज खजिन्याची खूण, असं त्याने जाहीर केलं. चिमाजी अप्पांनी वसई १७३९ मध्ये घेतली, मग १८३० ला इथे पोर्तुगीज कुठले, असं मी म्हटलं खरं, पण लोभ मलाही सुटलाच होता. रात्री बसून मी पितळेचं मेडल चिंच-मिठाने घासून लख्ख केलं.

त्यावरून तुम्ही मला जे बोललात ते योग्यच होतं. ‘जुन्या वस्तूवरचा काळा रंग म्हणजे तिचं वय, ते तू नळाखाली सोडून दिलंस.’

मग तुम्ही ते १८३० वालं हातात घेतलं, तळव्यावर नुसतं झेलून पाहिलं आणि मागचा बिस्किटांचा डबा उघडलात. आत शे-दीडशे नवी कोरी मेडलं, आणि झाडून सगळ्यांवर १८३०! माझा चेहरा बघून तुम्ही किती हसलात. पॅरिसमध्ये कॅथरीन लाबूरे या जोगिणीला, म्हणजे ननला, त्या वर्षी मरियेचं दर्शन झालं, पहिली मेडलं १८३२ मध्ये पाडली गेली, आणि तेव्हापासून आजतागायत मेडलवर दर्शनाचंच साल राहिलं. पुढे गोलावर उभी, हातांतून किरण सोडणारी मरिया. मागे क्रूस आणि एम, खाली दोन काळजं, एकाला काट्यांचा वेढा, दुसऱ्यात तलवार, भोवती बारा तारे. आमच्या मेडलची उलटी बाजू मी फुलांची नक्षी समजलो होतो. ‘आणि हे अॅल्युमिनियम आहे रे, तुझ्या आजाच्या काळातलं असेल फार तर,’ हे तुम्ही वजनावरून सांगितलंत. घरी जाऊन वाचलं तर अॅल्युमिनियम स्वस्तात काढायची रीत निघालीच मुळी १८८६ मध्ये. तुमचा तळवा बरोबर होता.

अक्षरांचं मेडल संत बेनेडिक्टचं निघालं. तुम्हाला लॅटिन येत नाही म्हणालात, पण वडिलांनी शिकवलेला अर्थ तुम्ही पाढ्यासारखा म्हणून दाखवलात: व्ही, आर, एस म्हणजे सैताना, मागे हो. संताच्या पायाशी एम, डी, तीन सी, एल आणि तीन एक्स, म्हणजे १८८०. हेही बनवल्याचं साल नाहीच. संताच्या जन्माला चौदाशे वर्षं झाली म्हणून त्या साली हा साचा निघाला, तोच अजून चालतो. दोनदा एकाच खड्ड्यात पडल्यावर मी गप्प बसलो. नवं केवढ्याला, विचारलं तर तुम्ही म्हणालात, दहाला एक. आमचा एक वकील पाहुणा आम्हाला १८७८ चा निखात निधी कायदा दाखवून घाबरवत होता, जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं म्हणून. म्हणजे आम्ही अगदी काठावर!

तिसरं मेडल इतकं झिजलेलं, की ते मी फक्त मोजणीला आणलं होतं. तुम्ही मात्र सर्वांत जास्त वेळ त्यालाच दिलात. माझ्या मोबाइलची बॅटरी आडवी धरायला लावलीत, सावल्या लांबल्या आणि आई-लेकराची बाह्यरेषा वर आली. तुमचं नख एका ठिपक्यावर थांबलं. लेकराच्या पायातून सुटून लोंबणारी चप्पल! बाळ भिऊन आईकडे धावलं, त्यात ती सुटली. निरंतर साहाय्य माता, म्हणजे मरियाच. माहीमच्या चर्चमधली बुधवारची नोव्हेना प्रार्थना १९४८ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून तुमच्या वडिलांकडे याच मेडलला गिऱ्हाईक.

मग तुम्ही विचारलंत, ‘कुठं गावलं?’ तोवर मला कुणी हे विचारलं नव्हतं, सगळे किती जुनं आणि किती किमतीचं एवढंच विचारत होते. बाकीची दोन नांगराच्या मातीत, वर वर, सुटी सापडली होती. हे मात्र बांधाखाली हातभर खोल, चपट्या दगडाच्या आड, मोडका क्रूस आणि साखळीच्या चार कड्यांसोबत. तुम्ही मेडल रुमालात परत ठेवलंत. आशीर्वाद घेतलेली वस्तू मोडली तर कचऱ्यात टाकत नाहीत, जाळतात नाहीतर पुरतात, म्हणालात. वरची दोन हरवलेली. हे हरवलेलं नव्हतं. कुणीतरी वापरून वापरून झिजलेली रोझरी, म्हणजे जपमाळ, नीट गोळा करून तिथे ठेवली होती, आणि आम्ही ती खजिना म्हणून उकरली होती.

दुसऱ्या दिवशी तो खड्डा भाच्यानेच पुन्हा खणला. क्रूस, कड्या, मेडल, वर तोच दगड. बेनेडिक्ट त्याने दप्तरात ठेवलाय. अॅल्युमिनियमचं मेडल शेजारच्या ख्रिस्ती आजींना दिलं, त्यांनी ते लगेच काळ्या दोऱ्यात ओवलं.

तुम्ही माझ्याकडून मेणबत्तीचेही पैसे घेतले नव्हते, ते राहिलेत. सप्टेंबरात जत्रेला येतो. आईही येणार आहे. कुडीसाठी मेणाचा कान वाहायचाय म्हणते, एक बाजूला काढून ठेवा. उजवा.

तुमचा,
गोराईचा चिंचवाला