सई, गास्पेला जाण्याआधी

पुणे, १२ मे

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. "आई, जुलैच्या शेवटी आम्ही चौघी टोरांटोहून क्युबेकला कॅम्पिंगला जातोय, पार समुद्रकाठच्या गास्पेपर्यंत. काय काय न्यायचं त्याची यादी पाठव." यादी पाठवीनच, पण तेवढ्यानं भागणार नाही. आणि फोनवर तू "हो, हो" म्हणत ऐकतेस, मग माझं निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून हे पत्र.

आधी तारीख बदला. जुलैचे शेवटचे दोन आठवडे तिकडे बांधकामाची सुट्टी असते. कॅनडाच्या त्या सगळ्या प्रांतातली बांधकामं बंद होतात, बाकीचेही पुष्कळ लोक तेव्हाच रजा टाकतात आणि झाडून सगळे समुद्राकडे निघतात. मे महिन्यात ऐन वेळी कोकणात खोली शोधावी तशी तुमची गत होईल. त्यापेक्षा ऑगस्टच्या २० तारखेनंतर जा. शाळा उघडायची वेळ आलेली असते, त्यामुळे गर्दी ओसरते. जूनमध्ये कानामागे चावून रक्त काढणाऱ्या काळ्या माश्या तोवर संपलेल्या असतात, डासही कमी होतात. आणि मका आलेला असतो. मक्याचं पुढे सांगते.

बुकिंग करताना एका गोष्टीत घोळ होतो. क्युबेकमध्ये 'पार्क नासियोनाल' अशी पाटी दोन वेगवेगळ्या सरकारांच्या उद्यानांवर असते. फोरियों आणि ला मोरिसी ही पार्क्स कॅनडाची, म्हणजे केंद्राची. बीक, झाक-कार्तिये, पेर्सेसमोरचं बोनाव्हेंत्युर बेट ही प्रांताची, ती सेपाक ही प्रांत सरकारची संस्था सांभाळते. दोन्हींचं बुकिंग वेगळं, प्रवेश-शुल्क वेगळं. केंद्राचा वर्षाचा पास सेपाकच्या दारात चालत नाही. तंबूच्या जागेला 'आँप्लासमाँ' म्हणतात, आणि 'सां सेर्व्हिस' लिहिलेलं असेल तर तिथे वीज-पाणी नाही असं समजा. तुमच्यातल्या दोघी कधीच तंबूत झोपलेल्या नाहीत म्हणालीस ना, मग त्यातल्या एक-दोन रात्री उभारलेला तयार तंबू घ्या. सेपाककडे त्याला 'प्रेताकाँपे' म्हणतात, फोरियोंमध्ये 'ओटेंटिक'.

आता रस्ता. टोरांटोहून माँट्रियल साधारण ५४० किलोमीटर, तिथून बीक पुन्हा जवळजवळ तेवढंच, आणि बीकपासून फोरियों चारशेच्या आसपास. एकीनंच चालवायचं नाही. माँट्रियलला एक मुक्काम, बीकला दोन रात्री. ओहोटीला बीकच्या खडकांवर सील पहुडलेले दिसतात, ते बघायला वेळ ठेवा. पुढचा १३२ नंबरचा रस्ता पाण्याच्या कडेकडेनं जातो. टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्या, पुढचा पंप कुठे लागेल या भरवशावर राहू नका. संध्याकाळ झाल्यावर मात्र गाडी चालवायची नाही, हे मी आईच्या अधिकारानं सांगते. तिन्हीसांजेला मूस, म्हणजे तिकडची अवाढव्य हरणं, रस्त्यावर येतात. चारशे-पाचशे किलोंचं जनावर, पाय इतके उंच की धडक बसली तर धड थेट पुढच्या काचेवर येतं.

आणि आता भाषा. तू लिहिलंस, "फ्रेंचचं काही नाही, फोनवर ट्रान्सलेट करू." बाळा, असं करू नकोस. माँट्रियलमध्ये इंग्रजीवर सहज निभावतं. बीकच्या पुढे गावं लहान होत जातात, लोक आयुष्यभर फ्रेंचमध्येच जगलेले असतात, आणि चारी बाजूंनी इंग्रजी असलेल्या खंडात त्यांनी ती भाषा हट्टानं जपलीये. रस्त्यावरच्या लाल अष्टकोनी पाटीवर तिथे 'आरे', म्हणजे थांबा, लिहिलेलं असतं. खुद्द फ्रान्समध्ये त्याच पाटीवर 'स्टॉप' असतं! दुकानात शिरलीस की आधी 'बाँझूर' म्हण, मग काय हवं ते माग. उच्चार चुकला तरी चालेल. ते 'बाँझूर' ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा कसा मोकळा होतो ते तूच बघशील.

आपण क्युबेकला तंबूत राहिलो होतो ते तुला आठवणार नाही, तू सहा वर्षांची होतीस. माझं फ्रेंच पुण्यात शिकलेलं, म्हणजे फ्रान्सचं. शेजारच्या तंबूतल्या आजीबाईंनी आपल्याला दुसऱ्या दिवशी 'दिने'ला बोलावलं. मी शिकलेल्या फ्रेंचमध्ये दिने म्हणजे रात्रीचं जेवण. आपण नटूनथटून संध्याकाळी सातला गेलो. तिकडे मात्र सकाळची न्याहारी ती 'देझने', दुपारचं जेवण 'दिने' आणि रात्रीचं 'सुपे'. त्या बाईंनी दुपारी बारापासून आपली वाट पाहिली होती. एक अक्षर बोलल्या नाहीत. उकडलेली कणसं पांढऱ्या पंचात गुंडाळून, पातेल्यात झाकून ठेवली होती, ती पुन्हा गरम केली, वरून लोणी लावलं आणि पहिलं कणीस तुझ्या हातात देत म्हणाल्या, "ब्ले दँद." मक्याला क्युबेकमध्ये असं म्हणतात. शब्दशः अर्थ 'भारताचा गहू'. अमेरिकेलाच हिंदुस्थान समजणाऱ्या जुन्या दर्यावर्द्यांच्या चुकीतून तो शब्द आलाय. मी त्यांना सांगितलं, आम्ही खरोखरच तिथून आलोय. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. मी 'मॅर्सी' म्हटलं तर म्हणाल्या 'ब्यँव्हन्यु'. पुस्तकात तो शब्द 'सुस्वागतम्' म्हणून शिकले होते; तिकडे 'त्यात काय एवढं' म्हणायलाही तोच वापरतात. फोननं मला जेवणाची वेळ कदाचित बरोबर सांगितली असती, पण ते हात मिळाले नसते.

म्हणून रोज रात्री पाच शब्द पाठ कर, निघेपर्यंत पुष्कळ होतील. काही तर यायलाच हवेत. 'ओ पोताब्ल' म्हणजे पिण्याचं पाणी, 'पोताब्ल'च्या आधी 'नों' दिसलं तर पिऊ नका. 'फ्य अँतेर्दी' म्हणजे आग पेटवायला बंदी, आणि ती बंदी मनापासून पाळायची. २०२३ च्या जूनमध्ये क्युबेकची जंगलं पेटली तेव्हा तो धूर न्यू यॉर्कपर्यंत पोचला होता. सरपणही टोरांटोहून नेऊ नका. लाकडातून अॅशची झाडं मारणारे किडे पसरतात. तिथेच विकत घ्या.

शाकाहारी मैत्रिणीला सांग, 'फॅव्ह ओ लार' दिसायला आपल्या राजम्यासारखं असतं पण त्यात डुकराची चरबी असते. पूतीन म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या फोडी आणि चीज, त्यावरचा सॉसही बहुतेक मांसाच्या रश्श्याचा. "एस किल या द ला व्यांद?" असं विचारायचं, म्हणजे 'यात मांस आहे का?' रात्रीसाठी मुगाची खिचडी सगळ्यात सोपी, एका पातेल्यात होते. भाजणी मी पाठवते आहे. नाक्यावरच्या दुकानात, त्याला 'देपानर' म्हणतात, ताज्या चीजचे गोळे मिळतात, ते दातांखाली करकर वाजतात. तुला फार आवडायचे.

खाणं, टूथपेस्ट, साबण, वासाचं जे काही असेल ते रात्री गाडीत, काचा बंद करून. तंबूत बिस्किटाचा पुडाही नको. अस्वलं आहेत. तंबू खोलगट जागी लावू नका, पाऊस आला की पाणी तिथेच येतं. ऑगस्टअखेर रात्री पारा दहा अंशांच्याही खाली जातो आणि थंडी खालून, जमिनीतून चढते, तेव्हा पैसे वाचवायचे तर तंबूत वाचवा, चटईत नाही.

फोरियोंमध्ये किमान तीन रात्री राहा. एक दिवस पेर्सेला जा. पेर्से म्हणजे भोक पडलेला, खडक पाहिलास की नाव कळेल. बोटीनं बोनाव्हेंत्युर बेटावर उतरून पायवाटेनं पलीकडे गेलं की कड्यावर लाखभर पांढरे गॅनेट पक्षी एकमेकांना खेटून बसलेले असतात. दिसण्याआधी वास येतो.

पण एक सकाळ ग्राँद-ग्रावसाठी ठेव. तिथे कॉडमासा खारवून सुकवायचे. वसईला बोंबील वाळवायच्या वलांडी पाहिल्यास, तशाच मांडवांवर. आता तिथे जुनं दुकान आणि थोडी घरं जपून ठेवली आहेत. बाकीची नाहीत. १९७० मध्ये हे उद्यान झालं तेव्हा दोनशेहून जास्त कुटुंबांच्या जमिनी सरकारनं घेतल्या, कित्येक घरं जाळून टाकली. कॅनडाच्या संसदेनं त्यांची माफी मागितली ती २०११ मध्ये. तुझ्या आजीचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलं, तिला अजून शिवसागरचं पाणी बघवत नाही, हे तुला ठाऊक आहे. त्या कुटुंबांतले लोक अजूनही फोरियोंला येतात. कुणी भेटलं तर आधी 'बाँझूर' म्हण आणि थोडा वेळ त्यांच्याजवळ बस.

तारखा पक्क्या झाल्या की या शनिवारच्या आत कळव, मी इथून जागा शोधायला बसते. बाबांची निळी ताडपत्री आणि भाजणी जूनमध्ये येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते. ताडपत्रीचं एक कडं तुटलंय, तिथे दोरी बांधून दिली आहे, ती सोडू नकोस.

तुझी,
आई