चांदणीच्या डॉक्टर मॅडमना

मॅडम,

नाव लिहीत नाही, कारण "नाव कुठं टाकू नका, फोन आवरत नाहीत" असं तुम्हीच म्हणाला होतात. पण आभार मानल्याशिवाय माझा जीव राहत नाही, म्हणून चार ओळी सगळ्यांसमोरच लिहिते.

पहिल्या पावसात तबेल्याचा पत्रा सुटला आणि आमच्या घोडीचा, चांदणीचा, पुढचा पाय गुडघ्याखाली उभा कापला गेला. टाके तुम्ही घातले नव्हते. ज्यांनी घातले त्यांनी सुई मारली, पैसे मोजून घेतले आणि निघाले. पट्टी कधी बदलायची, जखम धुवायची कशानं, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं की राहिलं, काही सांगितलं नाही. फोन उचलेनात. एकदाचा उचलला तर म्हणाले, "घोडीच आहे ना, किती करायचं?" मोटारीला बंदी असलेल्या माथेरानात घोडी म्हणजे आमच्या घरची चूल, हे त्यांना कोण सांगणार?

त्यात सल्ले देणारे काय कमी! कोणी हळद-तेल भर म्हणे, कोणी गाडीचं जळकं ऑईल, तर एकानं मोरचूद आणूनच दिला. "पाय गेला की घोडं गेलं, वेळेत विकून टाका" असंही ऐकवलं. कोण घेतं आणि कशाला घेतं, ते इथं सगळ्यांना माहीत आहे. तोवर खालचे टाके फाटले होते, पाय सुजला होता, आणि तबेल्यात शिरलं की वास यायचा.

तुम्ही मोटारी जिथवर येतात त्या दस्तुरीला गाडी लावून भर पावसात लाल चिखल तुडवत पायी आलात. हे म्हणाले, घोडा पाठवतो. तुम्ही नको म्हणालात.

मी पाणी उकळून, मीठ घालून आणलं होतं. तुम्ही ते जखमेवर ओतायच्या आधी स्वतःच्या मनगटावर ओतलंत. लेकराला न्हाऊ घालताना आपण बघतो ना, तसं. हात मागे घेतलात, म्हणालात, "कढत आहे ताई, हिला चटका बसेल," आणि निवेपर्यंत तशाच उकिडव्या बसून राहिलात, एका हातानं चांदणीचा खूर धरून. घाई नाही, कपाळावर आठी नाही. चांदणी कान मागे टाकून उभी होती, तिनं हळूहळू कान पुढं आणले. मॅडम, औषध पुष्कळांकडे असतं. मुक्या जनावराला चटका बसेल म्हणून आधी स्वतःचा हात पुढं करणारं माणूस मी त्या दिवशी पाहिलं. हे लिहितानाही डोळे भरून येतात.

मग तुम्ही समजावलंत, तेही आम्हाला अडाणी न समजता. गुडघ्याखाली मांस नसतंच, कातडी, दोरीसारखी शीर आणि हाड. रक्त कमी पोचतं, प्रत्येक पावलाला टाका ओढला जातो, म्हणून तिथले टाके पुष्कळदा सुटतात. सुटले तरी जखम खालून भरत येते, फक्त लाल मांस कातडीच्या वर फुगू लागलं तर मोरचूद लावून जाळायचं नाही, तुम्हाला कळवायचं. पट्टीखाली कापसाचा जाड थर हवा, नाहीतर एखादा वेढा घट्ट बसून शीर दुखावते. आणि दुखऱ्या पायाबरोबर दुसऱ्या पायालाही पट्टी, कारण सगळा भार त्यावर येतो. हे आमच्या ह्यांना, सगळा जन्म घोड्यांत काढलेल्या माणसाला, नवीन होतं!

पट्टी तुम्ही बांधलीत, सोडलीत आणि मला म्हणालात, "आता तुम्ही बांधा, मी दोर धरते."

त्यानंतर रोज संध्याकाळी तुमचा मेसेज. "लीद टाकली का? पाय गरम लागतो का?" उभ्या जनावराची चंदी, म्हणजे दाणा, कमी केली नाही तर पोट धरतं, हेही तुम्हीच सांगितलंत. जखम भरताना खाज सुटली आणि चांदणी पट्टीला दात लावू लागली, तेव्हा गळ्यात बांबूच्या काठ्यांची माळ कशी बांधायची ते फोनवर सांगितलंत. सासऱ्यांना ऐकवलं तर म्हणाले, आमच्या वेळी असंच करायचे, मधल्या पिढीतले विसरले.

आणि हो, तुम्ही फी घेतलीत आणि पावतीही दिलीत, ते मला फार बरं वाटलं. फुकट केलं असतंत तर पुढच्या वेळी बोलवायला जड गेलं असतं. चांगलं वागायला देवमाणूस व्हावं लागत नाही, आपलं काम नीट करून समोरच्याचा फोन उचलला तरी पुष्कळ झालं. एवढंही लोकांना का जमत नाही, देव जाणे. आता ई-रिक्षा आल्या, घोडेवाल्यांचं कसं होणार म्हणून सगळे बोलतात. घोड्यांचं काय, हे तुम्ही विचारलंत.

चांदणी आता बरी आहे. व्रणावर पांढरे केस आलेत. हलकं ओझं घेते, उतारावर अजून जपून पाय टाकते, म्हणून तिला पॉइंटांवर नेत नाही. उरलेल्या पट्ट्या धुऊन ठेवल्या होत्या, त्या शेजारच्या तबेल्यातल्या शिंगराला लागल्या. बांधायला मीच गेले होते. दुसऱ्या पायालाही बांधली.

तुमची,
चांदणीच्या घरची