रंगाआधी भिंत धुवा

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
आपली सोसायटी, डोंबिवली (पूर्व)

विषय: रंगकामाआधी इमारत बाहेरून नीट धुऊन घेण्याबाबत

स. न. वि. वि.

नोटीस बोर्डावर लावलेली रंगकामाची तिन्ही कोटेशनं मी वाचली. प्रायमरचा एक हात, रंगाचे दोन हात, कंपनी, शेड, सगळं तपशिलात आहे. भिंत धुण्याबद्दल मात्र 'घासून साफ करणे' एवढीच ओळ आहे. हे पत्र त्या एका ओळीसाठी.

मागच्या वेळी घोडं इथेच अडलं. तेव्हाच्या ठेकेदाराने बी विंगच्या मागच्या भिंतीवर वरवर पत्री (खरवडायची पट्टी) फिरवली आणि दुसऱ्याच दिवशी प्रायमर मारला. दोन पावसाळ्यांत रंगाचे पोपडे सुटले. माझ्या स्वयंपाकघराच्या छज्ज्यावर पडलेला एक पोपडा मी उचलून पाहिला. वरून फिकट पिवळा, मागून काळाकुट्ट. रंग शेवाळावर बसला होता, भिंतीपर्यंत पोचलाच नव्हता.

ही भिंत उत्तरेकडची. साधारण दसऱ्यापासून होळीपर्यंत तिच्यावर ऊन येत नाही, त्यामुळे पावसाळ्याच्या चार महिन्यांची ओल तिच्यात मुरून राहते. समोरची भिंत साध्या पाण्यानेही स्वच्छ होईल, खरी मेहनत मागच्या बाजूला आहे. ठेकेदाराशी बोलताना हा फरक धरावा.

गेल्या रविवारी मी खिडकीतून हात पोचेल तेवढा भाग स्वतः धुऊन पाहिला. हातमोजे घालून बादलीत ब्लीचिंग पावडर कालवली, गाळ खाली बसू दिला आणि वरचं निवळ पाणी भिंतीला लावलं. पंधरा मिनिटांनी ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुतलं. काळेपणा निघाला आणि खाली खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, केसाएवढी चीर दिसली. आत बेडरूममध्ये ओल येते ती बरोबर त्याच जागी. चार वर्षं मी आतून पुट्टी लावते आहे. अशा चिरा आणखी किती घरांच्या बाहेर असतील, ते भिंत धुतल्याशिवाय कळणार नाही.

एका कोटेशनमध्ये अ‍ॅसिड वॉश लिहिला आहे, तो कृपया काढायला लावा. अ‍ॅसिड सिमेंट खातं, ग्रिल गंजवतं, आणि ब्लीचिंगशी त्याचा संबंध आला तर क्लोरीन वायू तयार होतो. प्रेशर पंप वापरायला हरकत नाही, पण आधी भिंत ठोकून पोकळ प्लास्टर शोधावं आणि नोझल लांबून धरावं. चिरेत किंवा खिडकीच्या फटीत जोराचं पाणी मारलं तर ते आमच्या घरात येणार. खालच्या जास्वंदी आणि तुळशी आधी झाकाव्यात.

ड्रेनेज पाइपच्या सांध्याशी पिंपळ आला आहे. वॉचमन काका दरवर्षी तो छाटतात आणि दर जूनमध्ये तो पुन्हा फुटतो. सांधा गळतो म्हणून त्याला पाणी मिळतं. आधी सांधा दुरुस्त करून, थोडं प्लास्टर फोडून मूळ काढावं लागेल.

धुतल्यावर घाई नको. भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी आतून थेंब दिसले तर प्रायमर थांबवावा.

आता मला सगळ्यात जास्त लागून राहिलेली गोष्ट. मागच्या वेळी माझ्या खिडकीसमोर झुल्यावर (दोरांनी टांगलेल्या फळीवर) आलेला मुलगा विशीतलाही नसेल. कमरेला नुसती दोरी, हातात मोजे नाहीत. त्याने पाणी मागितलं तेव्हा तांब्या धरताना त्याच्या तळहाताची साल निघालेली दिसली. यंदा वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्या: प्रत्येकाला अंगभर पट्ट्यांचा सेफ्टी बेल्ट, झुल्याच्या दोराव्यतिरिक्त दुसरा वेगळा दोर, तो कठड्याला किंवा पाण्याच्या पाइपला न बांधता मजबूत आधाराला बांधलेला, हातमोजे, गॉगल आणि कामगारांचा विमा. हे नसेल तर काम सुरू होऊ देऊ नये.

खर्च वाढेल, हे मला माहीत आहे. पण आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) बाहेरची भिंत आणि तिच्यातून येणारी पावसाची गळती ही सोसायटीचीच जबाबदारी आहे, आणि दुरुस्ती निधी आपण त्यासाठीच भरतो. इमारतीला 19 वर्षं झाली. 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, 5 वर्षांतून एकदा करायचं असतं आणि आपलं यंदा आहे. ऑडिटरना धुतलेली, पण रंग न लावलेली भिंत दाखवली तर त्यांनाही नीट पाहता येईल.

तिन्ही ठेकेदारांकडून धुलाई, चिरा भरणं आणि रंग यांचे दर वेगवेगळे मागवावेत, ही विनंती. मी धुतलेला तुकडा आणि ती चीर पाहायला समितीने या रविवारी घरी यावं. मी दिवसभर घरीच आहे.

आपली,
सभासद, बी विंग, तिसरा मजला