शीर पायातून काढली, मग ठेवली कशात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातली. बावीस वर्षं हार्टच्या ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काम केलं, आता रिटायर होऊन घरी आहे. माझ्या थोरल्या दादाची बायपास झाली आणि दीड वर्षात परत छातीत दुखायला लागलं, अँजिओग्राफी केली तर छातीतली धमनी वापरून केलेला ग्राफ्ट (म्हणजे रक्तासाठी जोडलेली नवी वाट) मस्त चालू होता, पण पायाच्या शिरेचे जे दोन ग्राफ्ट होते त्यातला एक पूर्ण बंद. दादाचं कुळागर, म्हणजे बागायत आहे, पावसाळ्यात मानकुराद आंब्याची कलमं तो स्वतः बांधतो. सगळं ऐकून घेतल्यावर तो मला म्हणाला, "बाय, कलमाची काडी उतरवली की मी ती लगेच ओल्या फडक्यात गुंडाळतो, सुकली तर जीव धरत नाही. माझी शीर मधल्या वेळात कशात ठेवली होती गो?"

मी फाइल काढून बसले. कुठला ग्राफ्ट कुठे जोडला, आयसीयूत किती दिवस, गोळ्या कुठल्या, सगळं होतं. शीर कशात ठेवली याबद्दल एक अक्षर नाही. आणि खरं सांगते, इतकी वर्षं त्या टेबलाशी उभी राहून कार्डावर ही नोंद कधी पाहिल्याचं मलाही आठवत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पायाची शीर वापरून बायपास करायची पद्धत रूढ केली ती अर्जेंटिनाच्या डॉ. रेने फावालोरोंनी, १९६७ साली अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये. घोट्यापासून मांडीपर्यंतची शीर सोडवून घेतात, बारीक फांद्या दोऱ्याने बांधतात, आणि हृदयाला जोडायची वेळ येईपर्यंत ती स्टीलच्या वाटीत पडून असते, कधी अर्धा तास, कधी तासाच्या वर. पांढरट, आखडलेली, भिजलेल्या सुतळीसारखी दिसते. मग कुठे गळते का बघायला सिरिंजने आत पाणी मारतात, ती टम्म फुगते. हाताने मारताना हा दाब बीपीच्या मापात ३०० च्या वर सहज जातो, आणि माणूस आडवा असतो तेव्हा पायाच्या शिरेत असतो जेमतेम दहा-पंधरा. शिरेच्या आतून पेशींचा फक्त एक पदर असतो, तोच रक्ताची गुठळी होऊ देत नाही, आणि या सगळ्यात तोच सोलवटून निघतो.

आता वाटीतलं पाणी. मी स्वतः कितीदा तरी साधं सलाईन ओतून हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, घातलंय, आम्हाला शिकवलंच तसं होतं. पण साधं सलाईन आम्लाकडे झुकलेलं असतं, पीएच (आम्लपणाचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या आसपास, आणि रक्ताचा ७.४. काही ठिकाणी पेशंटचं रक्तच वापरतात, पण तेही हवेत उघडं राहिलं की बिघडत जातं. अमेरिकेतल्या ३,०१४ पेशंटचा अभ्यास २०१४ साली छापून आला, त्यात पीएच सांभाळणाऱ्या बफर द्रावणात ठेवलेल्या शिरा वर्षभरात कमी बंद पडल्या होत्या. कोणाला कुठलं द्रावण हे तिथे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे तो शेवटचा शब्द नाही हे मान्य, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही ना.

दुसरी गोष्ट स्वीडनमधल्या ओरेब्रोची. तिथे डॉ. सूझांनी शीर भोवतालच्या चरबीसकट काढायची आणि फुगवायचीच नाही अशी पद्धत आणली, 'नो टच' म्हणतात तिला. सोळा वर्षांनी बघितलं तर त्यांच्या ८३ टक्के शिरा चालू होत्या, नेहमीच्या पद्धतीच्या ६४ टक्के. पायाची जखम भरायला मात्र त्यात जास्त त्रास होतो, डायबेटिस असलेल्याला तर विचार करूनच. म्हणजे सगळ्यांना एकच माप लावा असं माझं म्हणणं नाही. दादाची शीर वाटीतल्या पाण्यामुळेच बंद पडली असंही मी म्हणणार नाही, शिरा अनेक कारणांनी बंद पडतात, अ‍ॅस्पिरिन चुकवणं आणि बिडी-सिगारेट ही त्यातली मोठी.

माझी मागणी एवढीच आहे की गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) असो की खाजगी, डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी वाढवा, शीर कुठल्या पद्धतीने काढली आणि कुठल्या द्रावणात किती वेळ ठेवली. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत मोठ्या कुटुंबाला ४ लाखांपर्यंत कव्हर आहे, सरकार एवढा खर्च करतंय तर योजनेत होणाऱ्या बायपासला ही नोंद सक्तीची करायला काय हरकत आहे? शाईशिवाय खर्च नाही. आणि पाच-सात वर्षांच्या नोंदी जमल्या की आपल्याच गोव्यातल्या पेशंटचं काय होतं ते आपल्याला कळेल, स्वीडनकडे बघावं लागणार नाही.

ज्यांच्या घरात बायपासची तारीख ठरलीय त्यांनी आदल्या दिवशी सर्जनना हे शांतपणे विचारावं. मी ज्या सर्जनांबरोबर काम केलं त्यातले बहुतेक असल्या प्रश्नाला नीट बसून उत्तर देणारे होते.

दादाला आता स्टेंट घातलाय, परवाच कुळागरात जाऊन आला.

आपली,
एक निवृत्त थिएटर सिस्टर, डिचोली